काय तर म्हणे, फासकी लावली!

सांगू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं, पण आता पोटात राहत नाही. चांगल्या घरचे पुरुष फासक्या लावायला लागलेत! हो, फासक्या. ससे धरायच्या. पन्नाशी उलटलेले, मधुमेहाची गोळी वेळेवर घेणारे, फ्रीजमध्ये समोर ठेवलेलं लोणी ज्यांना बायकोला हाक मारल्याशिवाय सापडत नाही, अशा गृहस्थांना हल्ली एकच काळजी पोखरते आहे: उद्या जंगलात एकटे अडकलो तर खायचं काय? कुठल्या जंगलात, ते विचारायचं नाही. यांचा रोजचा प्रवास कोथरूड ते हिंजवडी. तिथे अडकतात खरे, पण तिथे वडापाव मिळतो.

तशी आम्ही बायकांनी या घरांतून काय काय पाहिलं नाही! टाळेबंदीत डालगोना कॉफी हात मोडेपर्यंत घुसळून झाली. मग सायकली आल्या, हेल्मेटं आली, ती घट्ट चड्डी आली. त्या सायकली आता गॅलरीत ओले टॉवेल वाळवायच्या कामी येतात. मग गच्चीवर मायक्रोग्रीन्स उगवली. सगळं सोसलं. पण त्यात निदान कुणाच्या जिवावर उठायचा बेत नव्हता. हे नवं खूळ बुशक्राफ्टचं. म्हणजे खिशात सुरी आणि मनगटावर दोरी घालून रानात शिरायचं आणि माणसाने चूल, भिंत आणि किराणा दुकान शोधण्याआधीचे दिवस पुन्हा काढायचे. शनिवार-रविवार फक्त. सोमवारी मीटिंग असते.

ती मनगटावरची दोरी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आपला कुणा देवाचा गंडा वाटला. म्हटलं, बरं झालं, साडेसाती सुरू झाली असेल, माणूस मार्गाला लागला. कसलं काय! तिला पॅराकॉर्ड म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या पॅराशूटला असायची ती ही दोरी. वरून एक विणलेलं कवच, आत सात-एक बारीक दोरे, आणि ताकद ५५० पौंडांची, म्हणजे अडीचशे किलोच्या आसपास. आतले दोरे सुटे काढले की मासे धरा, जखम शिवा, फास करा, असं म्हणे. आमच्या समोरच्या विंगमधल्या वहिनींनी त्यातला एक हात गुपचूप कापून पडदा बांधला. घरात माणूस जेवला नाही तर चालेल, पण त्या दोरीची लांबी कमी झालेली चालत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

आता या वहिनींच्या यजमानांविषयीच सांगते. नाव घेत नाही. एकाच लिफ्टने जायचं-यायचं आहे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मुलाने वाढदिवसाला एक स्वीडिश सुरी पाठवली आणि घराची शांतता गेली. एका रविवारी सकाळी मी देवपूजेची फुलं काढायला खाली उतरले, तर हे मागच्या बागेत उकिडवे बसलेले. समोर दोन खुंट्या, तांब्याची तार, मोबाइल तीन पायांच्या स्टँडवर लावलेला आणि कपाळावर चष्मा. मी विचारलं, ‘‘काय हो, तुळस लावताय का?’’ तर म्हणाले, ‘‘स्प्रिंग स्नेअर.’’ आणि असे हसले की बास.

मग काय, मी उभीच राहिले. म्हटलं, चर्चा करायची तर नीट पाहून करावी.

एक खुंटी जमिनीत पक्की ठोकायची. तिच्या वरच्या टोकाला बाजूने एक खाच. दुसरी काडी छोटी, तिलाही तशीच खाच, उलटी. एकीची खाच दुसरीच्या खाचेत अडकते, आपण दोन हातांची बोटं आकड्यासारखी एकमेकांत अडकवतो तशी. शेजारचं लवचीक रोपटं किंवा फांदी खाली वाकवायची, तिच्या शेंड्याची दोरी त्या छोट्या काडीला बांधायची आणि काडी खुंटीत अडकवायची. फांदीला सारखं वर उसळायचं असतं, खाच तिला दाबून धरते. त्याच छोट्या काडीला तारेचा फास. सशासाठी फास मुठीएवढा आणि जमिनीपासून चार बोटं वर. ससा आपल्या रोजच्या वाटेने येतो, मान फासात जाते, तो पुढे ओढ घेतो, खाच सुटते, आणि फांदी त्याला घेऊन सट्‌दिशी वर जाते. झालं. एवढ्यासाठी भागांवर भाग टाकतात लोक, आणि दुसरे लोक ते चहा थंड होईपर्यंत बघत बसतात.

खरी मेख त्या खाचेत आहे, हे मात्र मान्य करायला हवं. खाच खोल झाली तर ससा नाचला तरी सुटत नाही. तिरपी झाली तर वाऱ्याच्या झुळकीने सुटते. चपटी, काटकोनात, अगदी कडेवर टेकलेली हवी. हे गृहस्थ अर्धा तास ती खाच तासत होते. चेहऱ्यावर असा भाव की बँकेत कोट्यवधींची कर्जं मंजूर करतानाही नसेल. तासता तासता मला सांगत होते, की कॅनडा-अलास्काकडे थंडीत वाकवलेली ओली फांदी रात्रीत गोठते आणि तिची उसळीच जाते, म्हणून तिथे जुने शिकारी फांदीऐवजी ओंडक्याचं वजन वापरतात. पुण्यात तेव्हा एप्रिल चालू होता. पारा चाळिशीवर. मी पदराने वारा घेत फांदी गोठण्याच्या संकटावर मान डोलावली.

मग आला फांदी वाकवायचा क्षण. आणि वाकवायला यांनी काय निवडावं? कढीपत्ता! अहो, बेचकीसाठी पेरूचीच फांदी लागते, हे आमच्या वेळी चौथीतल्या पोराला ठाऊक असायचं. आणि पेरूचं झाड चार पावलांवर होतं. पण व्हिडिओतल्या माणसाने म्हणे बर्चची फांदी घेतली होती, आणि कढीपत्ता त्यांना त्यातल्या त्यात बर्चसारखा दिसला. वाकवला, अडकवला, हात सोडला. कड्‌! सगळ्या विंगांच्या फोडण्यांचा आधार, तो बुंध्यापासून हात-दीड हातावर मोडून पडला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ‘‘अगं बाई!’’ म्हणालं. गृहस्थांनी आवाज न करता ती सगळी पानं गोळा केली आणि घरोघर वाटली. शिकारीतला पहिला वाटा, दुसरं काय म्हणायचं?

हे सगळं येतं कुठून? दोष एकट्या मोबाइलला देऊन भागणार नाही, त्याआधीपासून टीव्ही आहेच. तो इंग्रज बेअर ग्रिल्स २००६ पासून डिस्कव्हरीवर किडे खात होता, तोवर ठीक होतं. परकी माणसं काहीही खातात, असं म्हणून आपण चॅनेल बदलत होतो. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये खुद्द पंतप्रधान त्याच्यासोबत कॉर्बेटच्या जंगलात दिसले, पुढच्या मार्चमध्ये बंदीपूरला रजनीकांत. मग काय, राजाच रानात उतरला म्हटल्यावर प्रजेने घरात बसायचं? त्या दिवसापासून आमच्याकडच्या पुरुषांना पाण्याची बाटलीसुद्धा दातांनी उघडावीशी वाटते.

आणि या वनवासी मंडळींच्या भानगडी ऐकल्यात का? ऐकाच. २००७ साली विलायतेत बोभाटा झाला, की हा बेअर ग्रिल्स ‘निर्जन बेटावर एकटा’ असताना काही रात्री चक्क मोटेलमध्ये झोपला होता. स्वतः बांधलेला म्हणून दाखवलेला तराफाही आधी त्याच्या माणसांनी बांधून, सोडवून, मग त्याच्या हाती दिला होता. पुढे तशी पाटीच दाखवायला लागले, की बाबांनो, काही गोष्टी दाखवण्यासाठी रचलेल्या आहेत. तरी माणूस सुधारतोय कुठे! बल्गेरियातल्या रिला राष्ट्रीय उद्यानात कुणा नर्तकाला सोबत घेऊन बेडूक मारून शिजवला. तिथल्या सरकारने कार्यक्रमवाल्यांना दंड ठोठावला. २०१४ मध्ये त्याच्याच एका कार्यक्रमात बेटावर सोडलेल्या मंडळींनी भूक लागली म्हणून एक सुसर मारली. साधी केमन समजून मारली हो. निघाली संरक्षित जातीची मगर! आणि २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात एका सेलिब्रिटी शोमधल्या दोघांनी उंदीर मारून खाल्ला तर प्राण्यांच्या संस्थेने त्यांच्यावर क्रूरतेचा खटला भरला. उंदरावरून! आमच्या मंडईतल्या गाळेवाल्यांना हे सांगून बघा.

कंबोडियात तर २०१८ साली एक जोडपंच चौकशीत सापडलं. बाई रानात बसून कधी नाग, कधी रानमांजर भाजून खाताना दिसायची आणि नवरा चित्रीकरण करायचा. संरक्षित प्राणी आहेत हे ठाऊक नव्हतं म्हणून दोघांनी माफी मागितली. काय तो संसार! इथे आमच्याकडे नवऱ्याला वाढदिवसाचा फोटो सरळ काढता येत नाही.

त्यातल्या त्यात मला बरा वाटला तो एकच. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलंडमधला जॉन प्लँट. २०१५ पासून ‘प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी’ नावाने व्हिडिओ करतो. मातीपासून विटा, विटांपासून भट्टी, झाडाच्या सालीचं छप्पर. उघडा, हाफपँटवर, आणि संपूर्ण व्हिडिओत तोंडातून एक अक्षर काढत नाही. असा नवरा कुणाला नको!

आता मुख्य मुद्द्यावर येते. हे सगळे ज्याच्यावर जीव टाकतात तो कार्यक्रम म्हणजे ‘अलोन’. माणसाला दहा वस्तू देऊन रानात सोडतात, कॅमेराही त्यानेच चालवायचा, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. फासकीची तार त्या दहा वस्तूंत घेण्याची मुभा असते, आणि बरेच घेतात. मग मला सांगा, जिंकतं कोण? २०१५ च्या पहिल्या पर्वात, कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर, ५६ दिवस टिकलेला गृहस्थ बऱ्यापैकी खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांवर आणि समुद्री शेवाळावर जगला. त्याला पाच लाख डॉलर मिळाले. आमच्या कोकणातल्या बायका ओहोटीला वाकून वाकून खडकावरची कालवं काढतात, त्यांना कुणी पाच रुपये जास्त देत नाही, घासाघीस करतात. सातव्या पर्वात शंभर दिवस काढणाऱ्याने कस्तुरीबैल मारला, बाणाने आणि सुरीने. म्हणजे एक शिंपल्यांवर, दुसरा बैलावर. सशाच्या फासावर राजा झालेला मला तरी दिसला नाही.

आणि आतली गोष्ट ऐका. त्यातले कितीतरी स्पर्धक आधी महिनोन्‌महिने मुद्दाम खाऊन वजन वाढवून जातात. कारण रानात शेवटी अंगावरची चरबीच तारते. एवढं कळल्यावर मी आमच्या विंगमधल्या पुरुषांकडे नव्या आदराने पाहायला लागले. ही माणसं वर्षानुवर्षं तयारीत आहेत आणि आपण त्यांना उगाच चालायला पिटाळत होतो!

ससा या बाबतीत फारच फसवा. त्याच्या मांसात चरबी जवळपास नाहीच. नुसताच ससा खात राहिलात तर पोट फुगेपर्यंत खाऊनही माणूस खंगत जातो, जुलाब होतात, डोकं दुखतं, चरबीसाठी जीव तळमळतो. उत्तरेकडे याला ‘सशाची उपासमार’ म्हणतात. ध्रुवप्रदेशात हिंडलेल्या विल्यालमुर स्टेफानसनने यावर पानंच्या पानं लिहून ठेवलीत. ‘अलोन’च्याच सहाव्या पर्वात एकाने भलामोठा मूस मारला, तर त्याच्या साठ्यातून वुल्व्हरिन नावाच्या जनावराने काय चोरावं? चरबी! जनावराला कळतं ते आपल्या डाएटवाल्यांना कळत नाही. मी हे वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे जंगलात जाताना यांच्या सॅकमध्ये तुपाची बरणी ठेवायला हवी.’’ आणि खरंच ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, घरच्या बागेत चाललंय ते चालू दे. पण हे घरात थांबत नाही ना! मुळशीकडे, ताम्हिणीकडे शिबिरं भरतात. सर्व्हायव्हल कॅम्प. तिथला दाढीवाला शिक्षक आधी घनगंभीर आवाजात सांगतो, की निसर्ग क्षमा करत नाही. मग सगळ्यांना एकेक काठी आणि सुतळी वाटतो. फासकी लावायची आणि ससा म्हणून लहान मुलांचं मऊ खेळणं ओढून दाखवायचं. खेळणं वर उडालं की टाळ्या. भागवायची भूक तर कुठेच नसते, कारण साडेआठला शामियान्यात पिठलं-भाकरी, ठेचा, वर गुलाबजाम, आणि सकाळी कांदेपोहे. रात्री तंबूत एसी नाही, याचीच काय ती तक्रार. एका जावयाने तर म्हणे परत येऊन ‘आम्ही आदिमानवासारखे राहिलो’ असं जाहीर केलं आणि लगेच पाठीला मलम मागितलं.

बरं, खेळणं धरताय तोवर हसण्यावारी न्या. पण यातल्या एखाद्याला खरंच चेव आला तर? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा काढून बघा. त्यात शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही. फास लावणं, सापळा लावणं, आमिष ठेवणं, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. म्हणजे ससा तुमच्या फासकीकडे बघून, तुमच्या खाचेची कीव करून, आपल्या वाटेने निघून गेला तरी तुम्ही शिकारी ठरता. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वाघ-बिबट्यासारखा पहिल्या यादीतला प्राणी असेल तर तीन ते सात वर्षं. आणि हे महाभाग काय करतात? स्वतःच्या तोंडाने, चेहरा दाखवून, ठिकाणाचं नाव टाकून, व्हिडिओ चढवतात. आमच्या लहानपणी चोरसुद्धा तोंडाला फडकं बांधायचे हो!

बिबट्याचं नाव आलंच आहे तर कोकणातली वर्तमानपत्रं वाचा. ‘फासकीत बिबट्या अडकला’ ही रत्नागिरी-सिंधुदुर्गातली नेहमीची बातमी. तिथे फासकी कुणी छंद म्हणून लावत नाही. रानडुकरं भात आणि कंद उकरून टाकतात, म्हणून किंवा डुकराच्या मांसासाठी, कुंपणाच्या फटीत मोटारसायकलच्या क्लचची वायर लावतात. स्वस्त, गंज न धरणारी, कितीही ओढली तरी न तुटणारी. पण वायरीला काय ठाऊक, डुक्कर कोण आणि बिबट्या कोण! तो कमरेत अडकतो, सुटायला जितका झटतो तितकी ती आत रुतते. वनखात्याची माणसं येऊन भुलीचं इंजेक्शन देतात, गावकरी कुंपणावर उभं राहून शूटिंग करतात. वाचला तर पिंजऱ्यातून उपचाराला, नाही तर पंचनामा. विदर्भात टिपेश्वरकडे गळ्यात वायर घेऊन हिंडणारे वाघ लोकांनी सफारीच्या जिप्सीतून पाहिलेत. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया या तीन देशांच्या नुसत्या संरक्षित जंगलांत मिळून १ कोटी २३ लाख फासक्या असाव्यात, असा वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचरचा २०२० चा अंदाज आहे. म्हणजे आमच्या गृहस्थांना जी कला लोप पावत चालल्याची खंत वाटते, ती चांगली ठणठणीत आहे.

आणि ज्यांची ही कला खरोखर होती, त्यांचं काय झालं, हा विषय शिबिरात निघत नाही. फासेपारधी. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे, नाही तर आतड्याच्या तातीचे बारीक फास, एकेका खुंटीला एकेक, अशी लांबलचक रांग गवतात मांडायची. वरून पाहिलं तर गवतच. मग तित्तराचा हुबेहूब आवाज काढायचा, की खराखुरा तित्तर ‘माझ्या हद्दीत कोण आलं’ म्हणून तरातरा चालत यावा आणि पाय फासात घालावा. कुणी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने पाखरांच्या अगदी जवळ जायचे. कुठला पक्षी कुठल्या महिन्यात कुठे उतरतो, पायवाट ओली असताना कोण आधी गेलं, हे त्यांच्या पोरांना अक्षरओळखीआधी यायचं. यासाठी त्यांना प्रमाणपत्र मिळालं नाही. मिळालं ते इंग्रजांच्या १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याचं लेबल. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत करून हजेरी लावायला लावली. म्हणजे फासे लावणाऱ्यांनाच तारेत घातलं. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पोलीस अजून पहिल्यांदा कुणाच्या पालावर जातात, ते मी सांगायला नको.

म्हणून मला हसू येतं आणि रागही. पालावरच्या माणसाच्या झोळीत फासा सापडला तर तो मुद्देमाल. आणि आमच्या समोरच्या विंगमधल्यांच्या झोळीत सापडला तर ते स्किल! अकोला-वाशिमच्या माळांवर याच समाजातली माणसं आता तणमोराची घरटी राखायच्या कामात आहेत. तणमोर म्हणजे कोंबड्याएवढा, पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारणारा दुर्मीळ पक्षी. हा पक्षी कुठे अंडी घालतो हे शोधायला जिथे शास्त्रज्ञाला दुर्बीण लागते, तिथे यांना डोळे पुरतात. शिबिरवाल्यांनी यांतल्या कुणाला गुरुजी म्हणून बोलावल्याचं ऐकलंत? मी नाही ऐकलं. दाढी कमी पडत असेल.

बरं, समजा, देव न करो, आमचा एखादा वीर खरंच सह्याद्रीत वाट चुकला. तर सशापर्यंत गोष्ट जायचीच नाही. हवेशिवाय तीन मिनिटं, पाण्याशिवाय तीन दिवस, अन्नाशिवाय तीन आठवडे, असा या मंडळींचाच पाठ केलेला हिशेब आहे. आणि आपल्या घाटात माणूस चुकतो तो सहसा शनिवारी, सापडतो रविवारी, नाही तर सोमवारी. लोणावळ्याच्या शिवदुर्गसारख्या रेस्क्यू टीमची पोरं हातातली कामं टाकून दोर घेऊन धावतात. माणूस जातो तो उपाशी राहून नव्हे. पाय घसरून, ऊन लागून, पाणी संपून, नाही तर आग्या मोहोळ उठून. आणि मोहोळ कशाने उठतं? धुराने! म्हणजे हे चकमक घासून, छाती फुगवून, कड्याखाली शेकोटी पेटवणार, आणि वरून मधमाश्या खाली येणार. चुकलात तर जागच्या जागी बसा, शिट्टी वाजवा, मोबाइलची बॅटरी वाचवा, ११२ लावा. शिट्टी दहा-वीस रुपयांना मिळते. पण शिट्टीचा व्हिडिओ कोण बघणार? तिला खाच नाही, उसळी नाही, परदेशी पोलाद नाही.

हे मी एकदा लिफ्टमध्ये म्हणून टाकलं. दोन मजले कुणी बोललं नाही.

आता ताजी बातमी, जिच्यासाठी एवढं सगळं सांगितलं. आमच्या पार्किंगमध्ये घूस शिरली आहे. चांगली मांजराएवढी. तिने दोन गाड्यांच्या वायरी खाल्ल्या. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी पेस्ट कंट्रोलचं कोटेशन वाचून दाखवलं तर सगळे गप्प, आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ‘‘आपल्याकडे तज्ज्ञ आहेत की!’’ सगळ्या माना वळल्या. गृहस्थ उभे राहिले. त्यांच्या आयुष्यात हा क्षण यायचाच होता. म्हणाले, ‘‘मला एक रात्र द्या.’’ सेक्रेटरींनी इतिवृत्तात नोंद केली.

त्या संध्याकाळी पार्किंगला जत्रा लागली. फांदी म्हणून जुन्या मच्छरदाणीची लवचीक काठी, खुंट्या विटांत रोवलेल्या, खाच अशी की सुताराने मान डोलवावी. आमिषाला भाजलेले शेंगदाणे. सगळं बिनचूक. फक्त तारेची रीळ कढीपत्त्याच्या प्रकरणानंतर वहिनींनी कुठेतरी ठेवून दिलेली, ती सापडेना. म्हणून फास पॅराकॉर्डचा केला. अडीचशे किलो पेलणारी दोरी, पॅराशूटची, महायुद्धातली. घूस काय करणार आहे?

तर घूस अडकली. अगदी खरी अडकली! काठी उसळलीही. पण मच्छरदाणीच्या काठीला घुशीचं वजन पेललं नाही, ती अर्धीच वर गेली, आणि घूस जमिनीवर पाय टेकून निवांत बसली. मग तिने तेच केलं जे कुरतडणाऱ्याने करायचं असतं. म्हणून तर मुळात जनावराला जमिनीवरून वर उचलायचं, की दात दोरीला लागू नयेत. म्हणून तर मुळात तार वापरायची. सकाळी वॉचमनला मिळालं ते एवढंच: दोरीचं एक टोक, साफ कापलेलं, आणि शेंगदाण्यांची फोलपटं. एक दाणा शिल्लक नव्हता. दुसऱ्या रात्री त्याने पत्र्याच्या पिंजऱ्यात शिळी भजी ठेवली तर त्यात उंदीर आला, पण घूस पिंजऱ्यात मावतच नाही.

गृहस्थ खचलेले नाहीत. जाड तार मागवली आहे, आणि या वेळी पेरूची फांदी वापरणार आहेत. पेरूभोवती बायकांनी आलटून पालटून पहारा ठेवला आहे. नोटीस बोर्डावर पुढच्या सभेची विषयपत्रिका लागली. विषय क्रमांक चार, घूस. विषय क्रमांक पाच, पार्किंगमधील खाजगी सापळ्यांबाबत धोरण ठरवणे. आमच्या सभांना एरवी सात टाळकी जमत नाहीत, अर्धा तास थांबून सभा तहकूब करावी लागते. यंदा गणपूर्तीची काळजी नाही. खुर्च्याच कमी पडणार.